हात मोकळे होते

दोल्गोल, १२ एप्रिल १९५४

आदरणीय भाऊजी,

तीन वर्षांनी लिहिते आहे. वाकून नमस्कार करायचा आणि सरळ मुद्द्यावर यायचं असं ठरवून बसले होते, पण कागद समोर आला की मुद्दा पळतो.

तुमचा पुसानचा पत्ता एका फिरत्या कापडवाल्याने दिला. तुम्ही तिथल्या बाजारात ब्लँकेटं विकता, असं तो म्हणाला. प्यो घराण्याचा थोरला मुलगा रस्त्यावर ब्लँकेटं मांडून बसतो, हे सासूबाईंना सांगायला माझी जीभ रेटली नाही. "भाऊजी व्यापारात आहेत," एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे विकतोय काहीतरी." त्यांचा एकच कान गेलाय, दुसरा अजून शाबूत आहे.

त्या बऱ्या आहेत. गुडघे कुरकुरतात, पण मिरच्या वाळवायला मला हात लावू देत नाहीत. एक्कावन्नच्या जानेवारीत उत्तरेची फौज पुन्हा खाली आली आणि तुम्ही पितरांच्या नावांच्या पाट्या पाठीवर बांधून दक्षिणेला निघालात, तेव्हा "धाकटा परत आला तर दार कोण उघडेल?" म्हणून त्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. आजही रस्त्यावर कुत्रं भुंकलं की त्या आधी दाराकडे बघतात. त्यांच्यासोबत मी राहिले. "हे सगळं त्याच्या शाळेपायी झालं," असं तुम्ही जाताना म्हणालात आणि मीही उलट बोलले. तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. आता ते उगाळण्याची ताकद माझ्यात नाही, तुमच्यातही नसेल.

तर मुद्दा. तुमच्या भावाने उभी केलेली माध्यमिक शाळा जळली, हे तुम्हांला ठाऊकच आहे. कुणी जाळली ते विचारू नका, येणारे-जाणारे सगळेच काड्या घेऊन होते. गेली दोन वर्षं मी ती लष्कराच्या एका तंबूत चालवते आहे. तंबूला आता कापडापेक्षा ठिगळं जास्त आहेत. गणित, इतिहास आणि चित्रकला मीच शिकवते. चित्रकला मला येत नाही, पण पोरांना अजून संशय आलेला नाही.

शिक्षण कचेरीचं म्हणणं असं, की ऑक्टोबरपर्यंत पक्क्या भिंती आणि पक्कं छप्पर दिसलं नाही तर मान्यता मिळणार नाही. मग पोरांनी तालुक्याच्या गावी जायचं, म्हणजे जाऊन-येऊन आठ कोस. मोठी मुलं जातील एखादवेळ. मुलींना कोण पाठवतंय?

भिंतींच्या विटा पोरं थापतील. सिमेंटची काही पोती अमेरिकन तळावरून मिळतील. खांब आणि तुळया मात्र नाहीत. आपल्या मागच्या टेकडीवर पितरांचं घर आहे. त्याचं अर्धं छप्पर जळलं, पण पाइनचे खांब ठणठणीत आहेत. ते मला शाळेसाठी हवे आहेत. पितरांच्या पाट्या तुमच्याकडे पुसानला आहेत, म्हणजे पितरही तिकडेच असणार. इथे रिकामं घर उभं आहे. घराचे कर्ते म्हणून तुम्ही परवानगी द्यावी.

धाकट्या घरची सून,
इम ह्ये-सॉन


दोल्गोल, ३० मे

आदरणीय भाऊजी,

तुमचं पत्र पोचलं. एवढा राग टपालखात्याने एकाच तिकिटात कसा आणून दिला, याचं नवल वाटलं.

पितरांच्या घराला बोट लावायचं नाही, असं तुम्ही लिहिता. भाऊजी, बोट लावून झालं आहे. खरं सांगायचं तर मी मागचं पत्र लिहिलं त्या आठवड्यातच थाक सुतार टेकडीवर चढले होते. पावसापूर्वी लाकूड आत घ्यायचं होतं आणि तुमचं उत्तर काय येणार हे मला माहीत होतं. थाकनी आधी उंबऱ्यावर तांदळाची दारू शिंपडली आणि म्हणाले, "प्यो मंडळी, जरा सरकून घ्या. पोरं यायचीत." मग बराच वेळ थांबले. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "नाही म्हणतायत का ते ऐकतोय." पितर काही बोलले नाहीत. तुम्हीच बोलताय.

रागवा, पण पुढचं वाचा. परवा शिक्षण कचेरीचे साहेब येऊन गेले. खांब बघून खूश झाले, विटा हातात घेऊन बघितल्या. चांगली माती ओढ्याच्या वळणावर आहे, पण तिथे सुरुंग आहेत, म्हणून पोरं अलीकडची भुसभुशीत माती आणतात आणि विटांना चिरा जातात. तरी ते "चालेल" म्हणाले. मग अर्ज वाचायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"शाळेची जमीन तुमच्या यजमानांच्या नावावर आहे?"

"हो. त्यांच्याच वाट्याची. शाळेसाठी त्यांनी काढून ठेवली होती."

"आणि ते आहेत कुठे?"

"पन्नासच्या सप्टेंबरात उत्तरेची फौज माघारी परतली, तेव्हा त्यांना घेऊन गेली."

आमचे गावप्रमुख ग्वाक शेजारीच उभे होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तरी ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मास्तर चालत गेले, साहेब. मी स्वतः पाहिलं. हात मोकळे होते."

म्हणजे आपखुशीने गेले, असा त्याचा अर्थ. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. माणूस वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मेलेल्या माणसाच्या नावाला कचेरीची हरकत नसते. जो जिवंत आहे आणि तिकडे आहे, त्याच्या नावाला असते. यजमान वारले असतील तर जमीन घराकडे येईल, घर ती शाळेला देईल. वारले असतील तर तसं नोंदवा."

"आणि वारले नसतील तर?"

"मग शाळा कशी होणार?" ते म्हणाले.

तेव्हापासून माझ्याच्याने नीट शिकवणं होत नाही. आज दुसऱ्या वर्षाच्या वर्गात कालचाच धडा पुन्हा घेतला, आणि पोरांनी तो मुकाट्याने पुन्हा लिहून घेतला.

ह्ये-सॉन


दोल्गोल, २ ऑगस्ट

आदरणीय भाऊजी,

दोन ब्लँकेटं मिळाली. एक सासूबाईंनी घेतलं. दुसरं मला घेऊ देत नाहीत, धाकट्यासाठी घडी करून पेटीत ठेवलं आहे. आभार मानते.

सलग पडलेल्या पावसात आमच्या सगळ्या विटांचा पुन्हा चिखल झाला. सकाळी पोरं आली आणि त्या ढिगाकडे बघत उभी राहिली. एकही रडलं नाही, मीच रडले. मग एकीने पायजमा गुडघ्यावर घेतला आणि चिखल तुडवायला लागली, की तिच्या मागून बाकीची. आता पुन्हा भाताचा पेंढा कापून कालवतो आहोत. थाक तळावरची तेलाची पत्र्याची पिंपं ठोकून सपाट करतात, त्यांचं छप्पर होणार आहे. दिवसभर ठाणठाण चालते. सासूबाईंनी मला सांगितलं, "त्याला म्हणावं बहिऱ्या कानाच्या बाजूने ठोक."

तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं श्राद्ध चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी करतात, तसं आपण करू, तुम्ही कर्ते म्हणून मृत्यूची नोंद कराल, शाळाही होईल आणि घरावरचा डागही जाईल. भाऊजी, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण मला ते जमणार नाही. सासूबाई आज दाराकडे बघतात आणि उद्या मी त्यांच्यासमोर त्यांच्या मुलाच्या भातात, मेलेल्यासाठी रोवतात तसा, चमचा उभा रोवू? आणि त्यांची ढाल कशाला पुढे करू, मीही बघते दाराकडे.

शेवटी तुम्ही विचारलं आहे, "त्या दिवशी खरं काय झालं?" चार वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिलेच. बाकी सगळ्यांनी मला सांगितलंच. म्हणून हे पत्र टपालाने न धाडता थाकच्या हाती देते आहे. ते मुलीकडे पुसानला येत आहेत. वाचून चुलीत घाला.

त्या दुपारी सासूबाई शेतावर होत्या. दारात मान-बोक आला, ग्वाकांचा थोरला, यांचा लाडका विद्यार्थी. दंडाला लाल फडकं बांधलेलं. ते सैल होऊन कोपरावर घसरत होतं आणि तो सारखं वर ओढत होता.

"मास्तर, तुम्हांला चला म्हणतायत. दहा दिवसांत परत सोडणार आहेत."

"कोण म्हणतंय?"

"ते पुलापाशी थांबलेत."

"तू जेवलास का?" यांनी विचारलं.

त्यावर तो रडायलाच लागला. तुम्हांला नेलं नाही तर ते माझं काय करतील ठाऊक नाही, म्हणाला. हे खाली बसले आणि बूट घालायला लागले. मी म्हटलं, "मागच्या दाराने टेकडीवर जा, मी सांगते नव्हते म्हणून." यांनी नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. मग म्हणाले, "पोरगा एकटा आहे गं. त्याला घेऊन येतो."

हात मोकळे होते, भाऊजी. बांधणार कोण होतं, मान-बोक? समोर त्यांच्या घराच्या दाराच्या फटीतून ग्वाक बघत होते. ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलं तेवढं सांगितलं, फक्त शेजारून कोण चालत होतं ते गाळलं. गावाला त्यांनी सांगितलं आहे, की मान-बोक आपल्या दक्षिणेच्या सैन्यात भरती होऊन नाक्तोंग नदीवरच्या लढाईत बेपत्ता झाला. गावप्रमुखपद त्यावरच टिकून आहे, आणि त्यांच्या तीन मुलींचं सगळं आयुष्यही.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून बरं वाटेल असं वाटलं होतं. नुसता थकवा आला.

ह्ये-सॉन


दोल्गोल, ५ सप्टेंबर

आदरणीय भाऊजी,

तुमचं उत्तर असंच येईल याची भीती होती. "कचेरीत जा, ग्वाकच्या पोराने जबरदस्तीने नेलं असं सांग, भावाचं नाव धुऊन निघेल, शाळा होईल, आणि भावाला मारायचीही गरज पडणार नाही." हे मलाही सुचलं होतं. कित्येकदा सुचलं. ग्वाक साहेबांसमोर बोलले त्या दिवशी तर शब्द ओठांवर आले होते.

पण पावसानंतर सगळ्यांत आधी चिखलात उतरली ना, ती मुलगी ग्वाकांची मधली, सुन-ए. तिच्या बापाचं नाव पोलिसांत गेलं तर ती मुलगी या खोलीत बसू शकणार नाही, आणि खोली उभी राहते आहे ती कुणासाठी? हे यांना विचारलं असतं तर ते माझ्याकडे असे बघते, की मी मान खाली घातली असती. त्यांचा मला रागही येतो, भाऊजी. गेले तिकडे आणि असले निर्णय माझ्या गळ्यात टाकून गेले.

म्हणून तुमच्या पहिल्याच मार्गाने जायचं ठरवून काल मी ग्वाकांकडे गेले. ते अंगणात लसूण बांधत होते. बायको आत होती.

मी म्हटलं, "मृत्यूची नोंद करायची तर साक्षीदार लागतो. तुम्ही व्हा."

"कुणाच्या मृत्यूची?"

"मास्तरांच्या. हात मोकळे होते ते तुम्ही पाहिलंत. पुढचंही पाहिलंत असं लिहून द्या. खिंडीपाशी विमानांचा हल्ला झाला, त्यात ते गेले."

त्यांनी लसणाची जुडी खाली ठेवली, पुन्हा उचलली. म्हणाले, "मास्तरीणबाई, मी काही चांगला माणूस नाही."

"ते मला माहीत आहे. साक्ष द्याल का?"

त्यांनी आतल्या दाराकडे बघून घेतलं. मग इतक्या हळू म्हणाले, की मला वाकावं लागलं. "आणि... सोबत जो पोरगा होता, त्याचं काय लिहायचं?"

"सोबत कुणी नव्हतं," मी म्हटलं. "मास्तर एकटेच होते."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. ग्वाकांनी तिथेच सहीचा शिक्का काढून कागदावर मारला. लसणाच्या हातांनी मारला, वास अजून येतो आहे. कागद आणि हे पत्र त्या कापडवाल्याच्या हाती पाठवते, पत्र हेही चुलीत घाला. कर्ते म्हणून तुमचा शिक्का राहिला आहे, पण नवव्या महिन्यातलं श्राद्ध होईपर्यंत तो मारू नका. निदान क्रम तरी बरोबर असू दे.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगतात असलं?

ह्ये-सॉन


दोल्गोल, ५ ऑक्टोबर

आदरणीय भाऊजी,

शिक्का मारा. पुढे काहीही वाचलंत तरी शिक्का मारा, आणि कागद या आठवड्यात कचेरीत पोचवा. छप्पर झालं आहे, भिंती वाळल्या आहेत, साहेब वीस तारखेला येणार आहेत.

आज पंचांगाने नवव्या महिन्याचा नववा दिवस. सासूबाईंना मी परवा सांगितलं. शब्द जुळवून ठेवले होते, पण त्यांनी मधेच तोडलं. "सगळं गाव कुजबुजतंय आणि मी काय पूर्ण बहिरी आहे?" मग त्यांनी विचारलं, "असं केलं तर शाळा होते?" मी म्हटलं, "होते." "नाही केलं तर?" "नाही होत." त्यांनी मिरच्यांची सुपली उचलली आणि आत गेल्या. रात्रभर त्यांचा कूस बदलल्याचा आवाज येत होता. सकाळी उठून म्हणाल्या, "भात मी करणार. तुला मऊ होतो."

आपल्याकडे यांच्या श्राद्धाला पुढे उभं राहणारं कुणी नाही. आम्हांला मूल नाही, तुम्ही थोरले आणि सासूबाई आई, म्हणजे तुम्हां दोघांनाही त्यांच्यापुढे वाकता येत नाही. म्हणून यांच्या शाळेची तिसऱ्या वर्षाची पोरं बोलावली. गुरू बापासारखा, त्यांना चालतं. घरात मावत नव्हती, तेव्हा नव्या खोलीत मांडलं. खांब आपलेच आहेत, पितर असतील तर त्यांना परकं वाटलं नसेल. भात, मुळ्याचं सूप, सुकी मासळी, चेस्टनट. मासळीचं डोकं कुठल्या दिशेला ठेवायचं यावरून थाक आणि सासूबाईंचं वाजलं. पोरांना मी आधीच बजावलं होतं, "जिवंत माणसाला एक नमस्कार, गेलेल्याला दोन. म्हणजे आज दोन. हसायचं नाही."

सासूबाईंनी पितळी वाडग्याचं झाकण काढलं आणि भातात चमचा उभा रोवला. माझ्या हातून झालं नसतं, त्यांच्या हातून झालं. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

इतक्यात ग्वाक नवरा-बायको दारात आले. बायकोच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. ग्वाक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या मान-बोकचीही तिथी आम्हांला माहीत नाही. मास्तरांचा विद्यार्थी होता. शेजारी जागा होईल का?"

सासूबाईंनी मासळीची थाळी सरकवली. ग्वाकांच्या बायकोने फडकं सोडलं, झाकणाचा वाडगा यांच्या वाडग्याशेजारी ठेवला आणि हात मागे घेतला. मी पोरांना खूण केली, पोरं वाकली, कपाळं चटईला टेकली. ग्वाकांचा वाडगा अजून झाकलेलाच होता.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, झाकण काढ ना."

"राहू दे, आई," ती म्हणाली. "गार होईल."

भाऊजी, सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या बाईला मी गेली चार वर्षं तिच्या नवऱ्याच्या बोलण्यासाठी मनात शिव्या घालत होते, आणि ती मात्र रोज न परतलेल्या पोरासाठी भात झाकून ठेवत होती. सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी यांच्या भातातला चमचा उपसला, घागऱ्याच्या टोकाने पुसला, जेवणाऱ्या माणसासाठी ठेवतात तसा वाडग्याच्या उजवीकडे आडवा ठेवला आणि वाडग्यावर झाकण घातलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सूनबाई, कागद तू कर. तिथे तुला काय लिहायचं ते लिही."

मी हो म्हटलं.

पोरं पहिला नमस्कार करून उठली होती आणि दुसऱ्यासाठी वाकायला लागली होती. सासूबाईंनी हात वर केला.

"एक पुरे," त्या म्हणाल्या. "जेवायला बसा."

ह्ये-सॉन